६५ मैलांना मियाटा थरथरते, बॅलन्सिंग करूनही जात नाही – अनुभवी लोकांनी मार्ग सांगा

साताऱ्याचा_एडिसनवासी
नमस्कार मंडळी. मी न्यू जर्सीत एडिसनला असतो, मूळ सातारा. बरीच वर्षं मनात होती ती गाडी शेवटी घेतली, १९९९ ची माझदा मियाटा, म्हणजे एनबी (दुसऱ्या पिढीचं) मॉडेल, १.८ चं इंजिन, पाच गिअर मॅन्युअल, मागच्या चाकांवर चालणारी, छप्पर कापडी. गाडी जीव लावावा अशी आहे, गावातल्या रस्त्यांवर आणि वळणांवर काही म्हणजे काही तक्रार नाही. पण टर्नपाइकला (टोलच्या हायवेला) लागलो की ताशी ५८ मैलांच्या आसपास थरथर सुरू होते, ६२ ते ६७ मध्ये सगळ्यात जास्त, आणि पेनसिल्व्हेनियाच्या टर्नपाइकवर ७० ला नेली तर थोडी कमी होते पण पूर्ण जात नाही. स्टिअरिंगला बारीक जाणवते, त्याहून जास्त सीटखाली आणि गिअरच्या दांड्यात, शिवाय त्याच्या जोडीला एक गुणगुण असते ती कानापेक्षा पायाच्या तळव्याला जास्त कळते.

चाकं आधीच्या मालकाने बाहेरची बसवलेली आहेत, १५ इंची अलॉय, टायर १९५/५०. बॅलन्सिंग करून घेतलं, मग दुसऱ्या दुकानात परत करून घेतलं, मशीनवर चारही चाकं शून्य दाखवतात आणि गाडी मात्र तशीच. आता एक दुकानदार म्हणतोय चारही टायर नवे घाला, दुसरा म्हणतोय पुढचे कंट्रोल आर्म (चाकाला सांगाड्याशी जोडणारे सस्पेन्शनचे हात) बदला. एवढा खर्च करायच्या आधी इथे विचारतोय.

मिलिंद_ठाणे
ब्रेक डिस्क बघा. माझी गाडी अशीच हलायची, डिस्क फेस करून घेतल्या, बरं झालं.

रंकाळ्याकाठी
मिलिंद, डिस्कचं हलणं ब्रेक दाबला की येतंय, सरळ पळताना न्हाई. भावा, ब्रेक मारल्यावर वाढतंय का सांग आधी. आणि दुसरं कायबी करायच्या आधी चारी चाकांचे नट बघ, ढिले आहेत का, आणि टायरवर हात फिरव, कुठं फुगा आलाय का, बाजूनं आतून-बाहेरून दोन्हीकडनं. फुगा असला तर गाडी हायवेवर न्यायचीच न्हाई, तिथंच थांबायचं. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे, ते पण वाचून सांग. कोल्हापुरात गॅरेजचं काम हयातभर केलंय, तुमची मियाटा कधी हातात आली न्हाई पण इंजिनापासनं मागच्या चाकांपर्यंत लांब दांडा जातो तसल्या गाड्या लई बघितल्या.

साताऱ्याचा_एडिसनवासी
काका, ब्रेकने काही फरक पडत नाही. नट पक्के आहेत, फुगा नाही. टायर चारही एकाच आठवड्याचे, जुने नाहीत, मधली-कडेची झीजही सारखी आहे. वळणावर गुणगुण कमीजास्त होत नाही.

रंकाळ्याकाठी
मग बेअरिंग बाजूला ठेव. बेअरिंग गेलं की वळणावर वजन त्या चाकावर आलं की आवाज चढतोच.

ग्रीस_आणि_पाना
मी मिशिगनला, माझ्याकडे एनए आहे, म्हणजे पहिल्या पिढीची मियाटा, पॉप-अप दिव्यांची. या गाडीचं एक लक्षात घे, ती साधारण हजार-साडेदहाशे किलोची आणि वर छप्पर नाही. जड सेडानमध्ये जे आपल्याला कळणारही नाही ते इथे थेट हातात येतं, बंद गाडीचं छप्पर जो कडकपणा देतं तो उघड्या गाडीत नसतो म्हणून पुढचा डॅशबोर्ड आणि काच पण जराशा हलत राहतात. म्हणून 'मियाटा अशीच असते' म्हणून सोडून देणारे भेटतील. त्यांचं ऐकू नकोस. चांगली बसवलेली मियाटा ७० ला गुळगुळीत चालते, मी रोज चालवतो.

एक फुकटची टेस्ट कर. पुढची चाकं मागे, मागची पुढे. चारही एकाच मापाची आहेत म्हणून होतं हे, फक्त टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर त्याच बाजूला ठेव, डावी-उजवी अदलाबदल नको. थरथर स्टिअरिंगमधून सीटकडे किंवा उलट सरकली तर दोष चाकात, जागेवरच राहिली तर दुसरीकडे शोधायचं.

रेवती_एनव्हीएच
मी पुण्यात याच कामात आहे, गाड्यांचे आवाज आणि कंपनं मोजणं. सातारकर दादा, कृपा करून अजून एकही पार्ट विकत घेऊ नका. तुमच्या वर्णनात मला दोन वेगवेगळ्या गोष्टी दिसताहेत, एक थरथर आणि एक गुणगुण, आणि लोक दोन्हीला एकच आजार समजून औषध देताहेत.

गाडीत फिरणारी प्रत्येक वस्तू आपल्या वेगाने फिरते आणि ती बिघडली की त्याच वेगाने हादरा देते. तो वेग हिशेबाने काढता येतो. १९५/५० आर १५ टायर एका मैलात साधारण ९१६ फेऱ्या मारतो. ६० मैलांच्या वेगाला मिनिटाला बरोबर एक मैल होतो, म्हणजे मिनिटाला ९१६ फेऱ्या, सेकंदाला १५.३. ६५ ला ती संख्या १६.५ होते. म्हणजे चाकात दोष असेल तर ६५ ला १६.५ हर्ट्झचा (सेकंदाला १६.५ वेळा) हादरा यायला हवा. तुमच्या पाच गिअरवाल्या एनबीचा डिफरन्शियल रेशो बहुतेक ४.३ आहे, म्हणजे चाकाच्या एका फेरीला गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत जाणारा मधला शाफ्ट ४.३ फेऱ्या मारतो, ६५ ला तो ७१ हर्ट्झला फिरत असणार. पाचवा गिअर ०.८१४ चा, म्हणून इंजिन साधारण ५८ हर्ट्झ, म्हणजे ३४७० च्या आसपास आरपीएम, टॅकोमीटरवर ताडून बघा जुळतंय का.

१६ हर्ट्झ अंगाला थरथर म्हणून कळतं आणि ७० हर्ट्झ गुणगुण म्हणून, पायाला. तुम्ही लिहिलंय तसंच. फोनमध्ये कंपनं मोजणारं कुठलंही फुकट अ‍ॅप घ्या, फोन सीटच्या रुळाला घट्ट बांधा, हातात धरायचा नाही, आणि शेजारी कुणाला तरी बसवा, तुम्ही फक्त गाडी चालवा. ५५, ६०, ६५ असे स्थिर वेग, क्रूझ नसेल तर पाय अगदी स्थिर.

आणि एक, ६५ ला क्षणभर क्लच दाबून बघा. इंजिनाचे आरपीएम खाली उतरले तरी गुणगुण तशीच राहिली तर इंजिन आणि त्याचे माउंट यांच्यात दोष नाही. क्लच दाबला म्हणजे सगळं थांबलं असं समजू नका, शाफ्ट चाकांना जोडलेला आहे, तो फिरतच असतो. गिअर बदलून तुलना करायची तर चौथ्यात नको. चौथा थेट १:१ आहे, त्यात इंजिन आणि शाफ्ट एकाच वेगाने फिरतात, काहीच वेगळं काढता येणार नाही.

बोरिवली_फास्ट
रेवतीताई, वाचनखूण साठवली. असं कुणी सांगत नाही हो.

साताऱ्याचा_एडिसनवासी
चाकं पुढे-मागे केली. थरथरीचा जोर बदलला, आता स्टिअरिंगला जास्त आणि सीटला कमी. गुणगुण मात्र जागच्या जागी. क्लच दाबला तरी गुणगुण हलली नाही.

बायकोला शेजारी बसवून फोनवर मोजलं. ग्राफवर ५५ ला १४ हर्ट्झचं शिखर, ६० ला १५ च्या जरा वर, ६५ ला साडेसोळा. हे ताईंनी सांगितलं तंतोतंत तसं. पण दुसरं एक शिखर येतंय त्याचा अर्थच लागत नाहीये, ७१ वर काहीच नाही, उलट ५५ ला ४० च्या आसपास, ६० ला ३४, ६५ ला २९. वेग वाढतोय आणि हे खाली येतंय, असं कसं होईल? फोन आयफोन आहे.

रेवती_एनव्हीएच
सापडलं. दादा, ते ७१ च आहे, फोनने वेषांतर करून दाखवलंय.

फोन सेकंदाला १०० वेळा मोजतोय. सेकंदाला १०० वेळा मोजणाऱ्याला ५० हर्ट्झपर्यंतचंच खरं दिसतं, ५० ते १०० मधलं जे असेल ते १०० मधून वजा होऊन खाली उमटतं. १०० वजा ७१ म्हणजे २९. ६० ला शाफ्ट ६५.६ ला फिरतो, १०० मधून गेले ६५.६, राहिले ३४.४. ५५ ला ६०.२, म्हणजे ३९.८. तुमचे तिन्ही आकडे बसले. म्हणूनच वेग वाढला की ते शिखर उलटं खाली सरकतंय, खरं कंपन असं कधीच वागत नाही. खात्री करायची तर सेकंदाला ४०० वेळा मोजणारा फोन कुणाकडे आहे का बघा, काही अँड्रॉइड फोन देतात, त्यात ७१ सरळ दिसेल आणि १४२ ला काही आहे की नाही तेही दिसेल. ते १४२ मला फार महत्त्वाचं आहे, का ते नंतर सांगेन.

आधी चाकं. मशीन शून्य दाखवतंय आणि गाडीवर १६.५ येतंय, तर चाक मशीनवर ज्या मध्यावर बसतंय त्या मध्यावर ते गाडीवर बसत नाहीये. बाहेरची अलॉय आहेत ना, मधल्या भोकाचं माप काय?

ग्रीस_आणि_पाना
हेच लिहायला आलो होतो. मियाटाच्या हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाचा मधला गोल ५४.१ मिमी आहे. बाहेरची पुष्कळशी अलॉय ७३.१ किंवा ६७.१ भोकाची येतात, कारण एकच साचा अनेक गाड्यांना विकायचा असतो. मधली फट भरायला रिंग लागते. रिंग नसेल तर चाक फक्त चार नटांवर लटकलेलं असतं. मशीनवर मात्र चाक मधल्या भोकात शंकू घालून धरतात, तिथे ते अगदी मधोमध असतं. मग कितीही वेळा बॅलन्स करा, शून्यच दाखवणार.

मिलिंद_ठाणे
पण नट शंकूच्या आकाराचे असतात ना, ते आपोआप मध्यावर आणतात. रिंग म्हणजे नुसता विकायचा धंदा आहे असं मला अलॉयवाल्यानेच सांगितलं होतं.

रंकाळ्याकाठी
मिलिंद, तुझं अर्धं बरोबर हाय. शंकूचे नट मध्यावर आणतात, पण कधी? चाक हवेत असताना, आडवं-तिडवं थोडं थोडं आवळलं तर. दुकानात पोरगं काय करतंय, गाडी जॅकवरनं खाली, गन लावून एक नट पार आवळतंय, मग शेजारचा. पहिल्या नटानंच चाक एका बाजूला सरकवून धरलेलं असतंय, बाकीचे तिघं त्याला हलवू शकत न्हाईत. त्यात न्यू जर्सीत रस्त्यावर मीठ टाकत्यात म्हणं, हबच्या तोंडावर गंज धरला असणार, गंजाचा एक पापुद्रा जरी मधी राहिला तर चाक तिरकं बसतंय.

रेवती_एनव्हीएच
काकांच्या म्हणण्याला आकड्यांची जोड देते. चाक-टायर मिळून १५ किलो धरा. ते मध्यापासून फक्त अर्धा मिलिमीटर सरकलं तर ते रिमच्या कडेला ४० ग्रॅमचं वजन चुकल्यासारखं आहे, आणि ६५ मैलांना दर फेरीला ८० न्यूटन, म्हणजे सुमारे ८ किलोचा ओढा पडतो, सेकंदाला साडेसोळा वेळा. हजार किलोच्या उघड्या गाडीत हे सीटखाली येणारच. ७० ला कमी का होतं तेही यातच आहे, ओढा वेगाच्या वर्गाने वाढतच असतो पण सस्पेन्शन, स्टिअरिंग आणि बॉडी यांची स्वतःची हलायची लय असते, १६-१७ ला तुमच्या गाडीत ती जुळतेय, पुढे गेलं की सुटते.

अंदाज नको, डायल गेज (बारीक सरकणं काट्यावर दाखवणारं माप) लावून मोजा.

साताऱ्याचा_एडिसनवासी
डायल गेज मित्राच्या वर्कशॉपमधून आणलं. गाडी स्टँडवर, चाक काढलं. मधलं भोक व्हर्नियरने ७३.१. रिंग एकाही चाकात नाही. हबच्या तोंडावर गंजाची तपकिरी खरबरीत कड, नखाने सोलली तर पापुद्रे निघाले. आधी काहीही साफ न करता आहे तसंच चाक परत लावून रिमच्या आतल्या कडेवर, जिथे टायर बसतो त्याच्या शेजारच्या मशीन केलेल्या ओठावर, डायलचं टोक टेकवलं आणि हळूहळू हाताने चाक फिरवलं. पुढच्या डाव्याला काटा १.१ मिमी फिरला, उजव्याला ०.७, मागचे दोन्ही एकच्या आसपास.

रेवती_एनव्हीएच
काटा १.१ फिरला म्हणजे चाक त्याच्या निम्मं, साधारण ०.५५ सरकलेलं. वरचा हिशेब अर्ध्या मिलिमीटरचा होता. आता तारेच्या ब्रशने हब साफ, रिंगा ७३.१ बाहेर आणि ५४.१ आत, अ‍ॅल्युमिनियमच्या मिळाल्या तर बरं, प्लॅस्टिकच्या रस्त्यावर चालतात पण ट्रॅकवर ब्रेक तापले की मऊ पडतात. नट हवेत असतानाच समोरासमोर दोन-तीन फेऱ्यांत, शेवटचं टॉर्क रेंचने जमिनीवर.

ग्रीस_आणि_पाना
टॉर्क ६५ ते ८७ फूट-पाउंड, माझदाचा आकडा, मी ८० ला थांबतो. ५० मैल चालवून परत एकदा बघ.

साताऱ्याचा_एडिसनवासी
रिंगा आल्या, बसवल्या. डायल आता ०.२ च्या वर कुठेच जात नाही. टर्नपाइकवर नेली आणि मंडळी, थरथर गेली! स्टिअरिंग स्थिर, मागचं बघायच्या आरशात दिवे थरथरत नाहीत. टायर आणि कंट्रोल आर्मचे पैसे वाचले, तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.

पण गुणगुण आहे तशीच आहे, उलट बाकी सगळं शांत झाल्याने जास्त कळतेय. मित्राच्या अँड्रॉइडवर ४०० ने मोजलं, ६५ ला ७१ वर स्पष्ट शिखर. १४२ ला जवळजवळ काहीच नाही.

रेवती_एनव्हीएच
हेच हवं होतं. शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस, म्हणजे कोनात वळून फिरणारे सांधे असतात. क्रॉसचा कोन चुकला तर एका फेरीत दोनदा हादरा बसतो, ६५ ला १४२. शाफ्टचं वजन एकीकडे झुकलेलं असेल किंवा तो मध्यावर बसलेला नसेल तर एका फेरीत एकदा, ७१. तुमचं एकदाचं आहे. म्हणजे कोन बरोबर, शाफ्ट मध्यावर नाही.

ग्रीस_आणि_पाना
मियाटात हा फरक कळणं किती कामाचं आहे ते सांगतो. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांना जोडणारी एक लांब अ‍ॅल्युमिनियमची चौकट असते, पीपीएफ म्हणतात. क्लचचं काम करताना ती उतरवावी लागते, परत लावताना उंची चुकली की कोन बिघडतो, आणि मियाटावाले गुणगुण ऐकली की सगळ्यात आधी पीपीएफ खोलतात. तुझ्या आकड्यांवरून तिला हात लावायची गरज नाही. क्लच कधी झालाय का?

साताऱ्याचा_एडिसनवासी
हो, आधीच्या मालकाच्या फायलीत क्लच बदलल्याचं बिल आहे.

रंकाळ्याकाठी
मग झालं तर. दांडा, म्हणजे तुमचा शाफ्ट, उतरवताना खूण केली नसणार. दांडा आणि डिफरन्शियलची फ्लँज (दांडा जोडायची चकती), दोघांवर पांढऱ्या रंगाचा एक पट्टा मारायचा आणि परत तसंच जोडायचं, आम्ही जीपच्या दांड्याला पण पट्टा मारल्याबिगर पाना लावत नव्हतो. चार बोल्टची फ्लँज, चार तऱ्हेनं बसती. दांड्याचा जरासा दोष आणि फ्लँजचा जरासा दोष एकमेकांच्या विरुद्ध असले तर फिटतात, एकाच बाजूला आले तर दुप्पट.

आधी दांडा हातानं वर-खाली, पिळून बघ. क्रॉसमध्ये खटखट किंवा अडकल्यासारखं लागलं तर फिरवून उपयोग न्हाई, बदलायचा.

ग्रीस_आणि_पाना
आणि कारखान्याच्या शाफ्टचे क्रॉस ठोकून बसवलेले असतात, सर्क्लिप काढून बदलता येत नाहीत, गेले तर अख्खा शाफ्ट. खेळ नसेल तर आत्ताची जागा खूण करून ठेव, मागचे चार बोल्ट काढ, १८० अंश फिरव, लाव. पुढचं टोक गिअरबॉक्समधून बाहेर ओढू नकोस, तिथून तेल गळतं. गाडी चार स्टँडवर, जमीन सपाट, जॅकवर भरवसा ठेवून खाली शिरायचं नाही. आणि स्टँडवर ठेवून इंजिन चालू करून ६५ ला चाकं फिरवून बघायचा मोह झाला तरी नको, ते जिवावर बेतू शकतं.

साताऱ्याचा_एडिसनवासी
क्रॉस घट्ट आहेत, न अडकता फिरतात, खटखट नाही. फ्लँजवर जुनी खूण शोधली, एक फिकट पिवळा ठिपका फ्लँजवर आणि तसाच दुसरा शाफ्टवर दिसला, पण दोन्ही अगदी एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना. ठिपके एकत्र येतील असं १८० फिरवून लावलं.

आज सकाळी ६५ ला नेली. ७१ चं शिखर एक-पंचमांशावर आलंय. पायाला काहीच लागत नाही, छप्पर लावलेलं असताना पहिल्यांदा शेजारच्याशी नेहमीच्या आवाजात बोलता आलं. ग्राफ बायकोने जपून ठेवलाय.

रेवती_एनव्हीएच
उरलेलं सोडून द्या, तेवढं प्रत्येक शाफ्टला असतं. मात्र महिन्या-दोन महिन्यांनी त्याच रस्त्यावर, त्याच जागी फोन बांधून परत मोजा. उद्या काही बिघडलं तर तुलनेला आजचा आकडा हाताशी असेल.

बोरिवली_फास्ट
धागा संपायच्या आत माझं पण सांगा. पुढच्या चाकांवर चालणारी टर्बो हॅचबॅक, एक्सप्रेसवेला १०० किमीला सरळ जाताना काही नाही, पण घाट चढताना अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ६० लाच गाडी डावी-उजवी डुलल्यासारखी हलते आणि पाय उचलला की लगेच थांबते. मला पण बॅलन्सिंगच सांगताहेत.

रंकाळ्याकाठी
बॅलन्सिंग नको. जोर दिल्यावर हलतंय आणि सोडल्यावर थांबतंय म्हणजे एक्सलचा गिअरबॉक्सकडचा सांधा, इनर जॉइंट बघ. गाडी लिफ्टवर घे, गिअरबॉक्सकडचे दोन्ही रबरी बूट बघ, फाटून ग्रीस बाहेर आलंय का. एक्सल धरून वर-खाली हलव, आत खेळ लागला तर तोच. आणि इंजिनचा खालचा माउंट पण त्याच वेळी बघून घे, पायानं दाबून इंजिन पुढं-मागं किती जातंय ते. फोटो टाक इथं.

बोरिवली_फास्ट
शनिवारी लिफ्ट मिळेल, फोटो टाकतो काका. टायरचं माप २१५/४५ आर १७.

रेवती_एनव्हीएच
फोनने मोजायचं तर सरळ रस्त्यावर नको, चढावर जोर देऊनच मोजा, आणि अ‍ॅप सेकंदाला किती वेळा मोजतंय ते आधी सेटिंगमध्ये बघून घ्या. इनर जॉइंटच्या आत तीन रोलर असतात, म्हणून चाकाच्या एका फेरीला तीन हादरे येतील. ६० किमीला तुमचं चाक सेकंदाला साधारण साडेआठ फेऱ्या मारतं, तर शिखर २५-२६ च्या आसपास शोधा.